चार बोटं साल

१९९७ सालच्या नवरात्रात, एका रविवारी सकाळी, वेल्ह्यात माझ्या थोरल्या बहिणीला काविळीवर एका झाडाची साल ताकात कालवून देण्यात आली. सोमवारी दुपारी तिला भोरच्या एका खासगी दवाखान्यात दाखल करावं लागलं. साल वडिलांनी आणली होती. वडील सरकारी आरोग्य सेवक होते.

तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणं, विहिरीत पावडर टाकणं आणि गावोगावच्या भिंतींवर गेरूने सूचना लिहिणं हे त्यांचं काम. त्या सूचनांमध्ये एक काविळीची होती. झाडपाला घेऊ नका, दवाखान्यात जा, असा तिचा मजकूर. अक्षर चांगलं असल्यामुळे शेजारच्या आरोग्य केंद्रातले लोकही भिंती लिहायला त्यांनाच बोलवत. वाड्यावस्त्यांवर त्यांना कोणी नावाने ओळखत नव्हतं. ते दिसले की बायका पोरांना ओरडून सांगायच्या, "बोटं लपवा रं, रगातवालं आलं." वडील हसत. त्यांना तो मान वाटत असावा.

सालीचं औषध आमच्या भागात नवं नव्हतं. आमच्याही घरात होतं. हिरड्या सुजल्या की बाभळीची साल उकळून त्या पाण्याने चुळा भरायच्या. तोंड आलं की जांभळीची. हगवण लागली की कुड्याची, आणि ती इतकी कडू की मुलं नुसत्या वासाने बरी झाल्याचं सांगत. बाळंतिणीला दूध यावं म्हणून सातविणीच्या सालीचा काढा देत. ही झाडं सगळ्यांना माहीत होती आणि त्यांची सालही कोणी कोणाला विचारून काढत नव्हतं.

काविळीचं तसं नव्हतं. कावीळ उतरवणारी घरं ठरलेली असत. त्यातलं एक गुंजवण्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी होतं. भातशेती करणारी एक विधवा बाई हे औषध देई. तिला ते सासूकडून आलं होतं. सगळे तिला मावशी म्हणत. ती पैसे घेत नसे, कोणी नारळ आणला तर तो देवापुढे ठेवी. झाडाचं नाव सांगायचं नाही ही तिला घातलेली अट होती. नाव तोंडातून गेलं की औषधाचा गुण जातो, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं.

बाकीचे नियम असे होते. आदल्या संध्याकाळी झाडापाशी तांदूळ ठेवून त्याला सांगून यायचं. रविवारी उजाडताना, कोणाशी न बोलता, दगडाने साल काढायची. लोखंड लावायचं नाही. एकाच अंगाची काढायची, खोडाभोवती कडं पडू द्यायचं नाही, कारण मग झाड मरतं. आणि साल रोग्याच्याच हाताने मोजायची. त्याची चार बोटं जुळवून जेवढी रुंदी होईल तेवढी रुंद, त्याच्या मधल्या बोटाएवढी लांब. लहान पोराला त्याच्या बोटांची, गड्याला गड्याच्या. मावशी सालीचा तुकडा रोग्याच्या तळहातावर ठेवून बघे, जास्त असेल ते मोडून टाकी, उरलेली पाट्यावर वाटून ताकातून तिच्याच ओट्यावर प्यायला लावी. पिऊन झालं की रोग्याने 'येतो' न म्हणता निघून जायचं. रोग्याच्या हाताशिवाय तिच्याकडे औषधाचं दुसरं कोणतंही माप नव्हतं.

ताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा कामथडीचा, घरची बागायत, हायवेला लागून. साखरपुडा झाला होता आणि तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरली होती. दसऱ्याला मुलाकडची माणसं साडी घेऊन येणार होती.

घटस्थापनेच्या आधीच ताईचं जेवण तुटलं होतं. मग आईला तिच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसला. वडिलांनी तिला दारात उजेडाला उभं केलं, खालची पापणी ओढून बघितलं, नखं बघितली आणि ते आत गेले. त्यांना काय करायचं ते माहीत होतं. रक्त तपासायला पाठवायचं, विश्रांती द्यायची, पाणी उकळून प्यायचं. हे ते रोज कुठल्या ना कुठल्या ओसरीवर उभं राहून सांगत. पण त्यांच्या केंद्रात ताईला नेलं असतं तर दुपारपर्यंत सगळ्या वेल्ह्याला कळलं असतं आणि संध्याकाळच्या एसटीने कामथडीला.

म्हणून ताईला आतल्या खोलीत ठेवण्यात आलं. खिडकीला जुनं लुगडं लावलं. नवरात्राच्या हळदीकुंकवाला शेजारणी आल्या तेव्हा आईने ती शिवायची नाही, बाजूला बसलीय, असं सांगितलं. दोन दिवसांनी दुसऱ्या शेजारणीने विचारलं तेव्हा मी ती मामाकडे गेल्याचं सांगितलं. दोघी शेजारणी एकाच चाळीत राहत होत्या. आमची दोन उत्तरं एकमेकींना भेटली असणार. कोणी काही म्हटलं नाही, पण नंतर हळदीकुंकवाला बोलावणं आलं तेव्हा त्यांनी आईला एकटीलाच बोलावलं.

ताईने एकदा भिंतीकडे तोंड करून विचारलं, "मी काय चोरी केलीय का गं?" आई म्हणाली, "हळू बोल."

सालीचा विषय आईने काढला. तिचं म्हणणं, ताईला मावशीकडे घेऊन जावं. वडिलांनी ते दोनदा खोडून काढलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले की स्टँडवरून तिला या पिवळ्या डोळ्यांनी न्यायचं म्हणजे ढोल वाजवण्यासारखंच आहे, आणि ते एकटे जाऊन घेऊन येतील. दसरा जवळ आला होता. रविवारी उजाडायच्या आधी ते एम-एटी मोपेड घेऊन गेले.

तिथे काय झालं हे मला दोघांकडून कळलं. वडिलांनी त्याच आठवड्यात सांगितलं. मावशीने काही वर्षांनी, मी पुण्याला वर्तमानपत्रात काम करू लागल्यावर तिच्या ओट्यावर बसून विचारलं तेव्हा. दोघांच्या सांगण्यात फार फरक नाही.

ओट्यावर दोघे-तिघे रोगी बसले होते. वडिलांना बघून एक जण उठून गोठ्यामागे गेला. मावशी म्हणाली, "सायेब, भिताडावर लिवता घिऊ नगा म्हणून. आन् आज हितं?"

वडिलांनी औषध स्वतःसाठी हवं असल्याचं सांगितलं.

मावशीने त्यांचे डोळे बघितले. डोळे पांढरे होते. तिने लघवीचा रंग विचारला. वडील म्हणाले, आतली कावीळ आहे, अजून वर आलेली नाही. ती पुढे काही बोलली नाही. याचं कारण तिने मला सांगितलं. आधीच्या उन्हाळ्यात वडील केंद्रातल्या डॉक्टरांबरोबर तिच्या दारी येऊन गेले होते. औषध देणं बंद केलं नाही तर पोलिसांत कळवावं लागेल, असं तेव्हा तिला बजावण्यात आलं होतं. बजावलं डॉक्टरांनी, पण तिच्या बोलीत समजावून सांगितलं वडिलांनी. त्यामुळे त्या रविवारी ते परीक्षा घ्यायला आलेत असं तिला वाटलं. दिलं तर गुन्हा, न दिलं तर सरकारी माणसाला दारातून हाकलल्याचा राग. तिने देणं पत्करलं.

वडिलांनी हात पुढे केला. वडील उंच होते आणि त्यांचा पंजा मोठा होता. सालीचा तुकडा त्या पंजाच्या मापाने मोडला गेला.

तिथेच प्यायचं हा नियमही त्या दिवशी मोडला. गाडीवर मळमळेल, घरी जाऊन घेतो, असं वडील म्हणाले. मावशीने वाटलेली साल पळसाच्या पानात बांधून दिली आणि सगळी एकदम घ्या, ठेवून घेऊ नका, एवढं सांगितलं.

वडिलांनी निरोप जसाच्या तसा आईला सांगितला. ताईने सगळी एकदम घेतली.

ताई तेव्हा अंगाने बारीक होती. आणि काही दिवस जवळजवळ उपाशी. दुपारपासून तिला उलट्या सुरू झाल्या. आईला बरं वाटलं, कारण पित्त पडतंय असा तिचा समज. संध्याकाळी जुलाब सुरू झाले. सोमवारी सकाळी ती हाकेला उशिरा ओ देऊ लागली. तिने मला आई समजून हाक मारली. वडिलांनी तिची नाडी बघितली आणि स्टँडवर वडापची, म्हणजे सीटवारी भाडं घेणारी, जीप ठरवायला गेले.

आमच्या घरापासून सरकारी दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. जीप त्याच्या समोरून गेली.

जीपवाला भोरचा मुसलमान होता, वडिलांच्या ओळखीचा. त्याने ताईला बघून एवढंच म्हटलं, "सायेब, मुलीला पुढं बसवा. हवा लागंल." बाकीच्या सीटा त्याने रिकाम्या ठेवल्या. नसरापूरपर्यंत कोणी हात दाखवला तरी तो थांबला नाही. हायवेला लागल्यावर ताईला पुन्हा उमासा आला आणि त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. ते ठिकाण कामथडीचा स्टँड होतं.

आईने तिला खाली उतरवलं. जीपवाला हॉटेलातून पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याच्या मागोमाग हॉटेलातून आणखी एक माणूस आला. तो ताईच्या होणाऱ्या सासऱ्याचा धाकटा भाऊ होता.

"अवो पाव्हणं, हिकडं कुठं?"

वडील म्हणाले, भोरला काम निघालं.

"आन् सूनबाईला काय झालं?"

"गाडी लागली," वडील म्हणाले.

तो परत हॉटेलात गेला, लिंबू कापून आणलं आणि अर्धी फोड ताईच्या हातात दिली. ती घ्यायला ताईने तोंड वर केलं. ऊन समोरून होतं. त्याने तिच्या डोळ्यांकडे बघितलं, मग वडिलांकडे. "सावकाश जावा," असं म्हणून तो रस्ता ओलांडून गेला. जीप सुरू झाल्यावर जीपवाल्याने आरसा जरा वर केला, म्हणजे मागे बसलेले आम्ही त्याला दिसणार नाही असा.

भोरच्या डॉक्टरांनी ताईला लगेच सलाइन लावलं. मग पहिला प्रश्न विचारला, "काही गावठी औषध दिलंय का?"

वडील म्हणाले, "नाही."

डॉक्टर त्यांना ओळखत होते. पल्स पोलिओच्या दिवशी दोघे एका टेबलावर बसलेले होते. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर लिहायला घेतलं. आई दाराशी उभी होती. ती चारचौघांत वडिलांचं बोलणं खोडत नसे. त्या दिवशी ती म्हणाली, "साल दिलीय. काल सकाळी. ह्यांनीच आणली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी वडिलांकडे बघितलं नाही, आईलाच पुढचे प्रश्न विचारले. कसली साल, किती, कशातून. किती ते आईने हाताने दाखवलं. कसली ते तिला माहीत नव्हतं. मग डॉक्टर वडिलांना म्हणाले, "ती काय होती ते कळलं तर बरं. उद्या सकाळपर्यंत ही नीट शुद्धीवर आली नाही तर पुण्याला हलवावं लागेल."

वडील त्याच जीपने परत गेले. मावशी खाचरात होती. पुढचं मावशीच्या तोंडून: वडील बांधावर उभे राहिले. मग औषध स्वतःसाठी नव्हतं, मुलीसाठी होतं आणि डॉक्टरांना झाड कळायला हवंय, असं म्हणाले.

मंगळवारी सकाळी पहिल्या एसटीने मावशी भोरला आली. तिच्या पदराखाली पानांसकट एक फांदी आणि एक वाळलेली शेंग होती. दवाखान्याच्या बाकावर तिने ती ठेवली. डॉक्टरांनी नाव विचारलं. ती म्हणाली, "नाव सांगायचं न्हाई मला. झाड आनलंय, तुमी वळखा."

डॉक्टरांना ते ओळखता आलं नाही. मी भोरच्या कॉलेजात शिकत होते. फांदी आणि शेंग मी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे घेऊन गेले. त्यांनी शेंग बघूनच नाव सांगितलं. हे झाड आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे, त्याची साल काढ्यांत वापरतात, थोड्या मात्रेत ती घातक असल्याचं त्यांच्या वाचनात नाही, आणि एवढी ओली साल उपाशी पोटी, काविळीत, एकदम घेतली तर काय होतं हे कोणी तपासलंय असंही नाही. मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते झाडाचं नाव मी इथे लिहीत नाही. मावशीने ते उच्चारलं नव्हतं, आणि वाचून कोणी साल काढायला जावं असंही मला वाटत नाही.

नाव कळल्याने उपचार बदलले नाहीत. डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावलं ते असं. कावीळ हा रोग नाही, यकृत बिघडल्याची खूण आहे. पावसाळ्यात दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक वेळा विश्रांतीने आपोआप उतरते, म्हणून त्या वेळी जे दिलं असेल त्याला यश मिळतं. पण यकृत सुजलेलं असताना बाहेरचं काहीही, झाडाचं असो की गोळी, पचवायचं काम त्याच यकृतावर पडतं. ताईची अवस्था सालीने झाली की रोगाने, हे त्यांना सांगता येणार नव्हतं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं होतं, एवढं नक्की. एक दिवस आधी आणलं असतं तर सोपं गेलं असतं, हेही नक्की.

ताई मंगळवारी सकाळी डोळे उघडून होती, पण तिला दिवस सांगता येत नव्हता. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत वाट बघायचं ठरवलं. मावशी तिच्या कॉटपाशी गेली. तिने ताईचा सलाइन नसलेला हात उचलला, आपल्या तळहातावर ठेवला आणि बोटं जुळवली. वडील पायाच्या बाजूला उभे होते.

"सायेब," ती म्हणाली, "ह्यो हात न् तुमचा हात येक हाय व्हय?"

वॉर्डात आणखी दोन रुग्ण होते आणि त्यांचे नातेवाईक. सगळे वळून बघू लागले. वडिलांनी हात मागे घेतले होते. ते म्हणाले, "मावशी, माझं चुकलं."

"म्याबी डोळं बगितलं हुतं तुमचं. तवाच कळलं हुतं. भ्याले न् गप ऱ्हायले." तिने ताईचा हात चादरीवर ठेवला. "बोलले आसते तर पोरीला हितं आनायची येळ आली नसती."

वडील तिला एसटीपर्यंत सोडायला निघाले. ती म्हणाली, नको, लोक बघतील तुमच्याबरोबर. ती एकटीच गेली. फांदी बाकावरच राहिली. दुपारी झाडणाऱ्या बाईने ती कचऱ्यात टाकली.

संध्याकाळी ताईने पाणी मागितलं आणि दसरा झाला का असं विचारलं. डॉक्टरांनी पुण्याला हलवायची गरज नसल्याचं सांगितलं. पुढचे काही दिवस ती तिथेच होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलाचे वडील दवाखान्यात आले. बरोबर कोणी नव्हतं. त्यांनी मोसंबी आणली होती. ताईच्या तब्येतीची नीट चौकशी केली, डॉक्टरांनाही भेटले. मग वडिलांना घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. मी आणि आई दाराच्या आत होतो.

ते म्हणाले, "आजारपणाचं काही नाही हो. आमच्या घरातबी दोघांना कावीळ होऊन गेली. पण भाऊ समोर उभा होता, आणि तुमी त्याला गाडी लागली म्हणालात."

मग मुलाच्या वडिलांनीच विचारलं, "म्हंजे पुढं काय काय झाकाल ते आमी कसं ओळखायचं?" त्यांनी नमस्कार केला आणि ते गेले. साखरपुड्याची साडी आईने दिवाळीनंतर एका नातेवाइकाच्या हाती परत पाठवली.

केंद्रातल्या डॉक्टरांना ही हकिगत भोरच्या डॉक्टरांकडून कळली. वडिलांना कोणी काही विचारलं नाही. महिन्याच्या बैठकीत काविळीचा विषय निघाला तेव्हा वडील स्वतः उभे राहिले आणि घडलं ते त्यांनी सांगितलं. हे मला त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितलं. बैठकीत पुढचा विषय लगेच घेण्यात आला, असं तो म्हणाला.

मावशीकडे रविवारी माणसं येत राहिली. तिने एक बदल केला. रोगी स्वतः आला नाही तर ती साल देईना, मग मागणारा कोणीही असो. आणि ज्याची शुद्ध कमी आहे, पोटात काही राहत नाही, किंवा बाई गरोदर आहे, त्यांना ती वेल्ह्याला किंवा भोरला जायला सांगू लागली. त्यांच्यापैकी किती जण गेले हे तिला माहीत नव्हतं.

ताईचे डोळे पांढरे व्हायला मार्गशीर्ष उजाडला. त्या थंडीत तिच्यासाठी स्थळ बघितलं गेलं नाही. पुढच्या वर्षी भोर तालुक्यातल्या एका घरून मागणी आली. मुलाचे आईवडील आणि मामा बघायला आले. आईने चहा ठेवला होता, तो बाहेर जायच्या आधीच वडिलांनी त्यांना सगळं सांगितलं: गेल्या नवरात्रातली कावीळ, साल, भोरचा दवाखाना आणि मोडलेली सोयरीक. मुलाच्या आईने विचारलं, आता बरी आहे ना. वडिलांनी रक्त तपासणीचा कागद पुढे केला. तिने तो हातात घेतला, उघडला नाही, आणि परत दिला. लग्न वैशाखात झालं.